डॅरेनचा चार्ज कोणी घ्यायचा?

प्रश्न असा आहे: सैन्यातली नोकरी संपवून विद्यापीठात शिकायला आलेल्या माणसाला आपण अर्धवेळ काम दिले, तर त्या कामातला कोणता भाग त्याला सर्वांत जड जातो?

नॉटिंगहॅममधल्या एका विद्यापीठात अशा माणसांना अशी कामे मिळवून देणे हीच माझी नोकरी होती. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कोणी विचारले, तर मी 'सैनिकांना कामाला लावते' असे सांगत असे. समोरचा माणूस माझी उंची आणि हातातला बटाटेवड्यांचा डबा पाहून विषय बदलत असे. जे विषय बदलत नसत, त्यांच्याकडे वरच्या प्रश्नाची उत्तरे तयार असत. शिस्त आड येत असेल. आपल्या निम्म्या वयाच्या मुलांचे ऐकून घेणे अवघड जात असेल. कॉम्प्युटरचे कसे काय जमते? ही तिन्ही उत्तरे मी तपासून पाहिली आहेत आणि तिन्ही चूक आहेत. कॉम्प्युटर त्यांना माझ्याहून चांगला येतो. निम्म्या वयाच्या वरिष्ठाचे ऐकण्याची सवय त्यांना सैन्यातच लागलेली असते, कारण तिथले नवे अधिकारी नुकतीच मिसरूड फुटलेलेच असतात. आणि शिस्त आड येत नाही. ती फार तर वाटेत उभी राहते, आणि आपल्याला तिला वळसा घालून जावे लागते.

उत्तराकडे जाण्यापूर्वी धंदा समजावून सांगणे आवश्यक आहे.

इथे सैन्यातून बाहेर पडणारी बरीचशी माणसे तिशी-चाळिशीतली असतात. त्यांतल्या काहींना नवे काही शिकायचे असते. फिजिओथेरपी, नर्सिंग, इंजिनिअरिंग, क्वचित तत्त्वज्ञानसुद्धा. घर, गाडी, मुले हे सगळे सांभाळून शिकायचे म्हणजे जोडीला काम हवे. अमेरिकेत याकरिता सरकारच योजना चालवते. आमच्याकडे विद्यापीठाने आपल्यापुरती एक छोटी योजना काढली होती: ग्रंथालयाचे काउंटर, प्रयोगशाळेतली मांडामांड, परीक्षागृहातली देखरेख, ओपन डेला येणाऱ्या पालकांना वाट दाखवणे, अशी पगारी कामे या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवायची. नियम दोनच. टर्म चालू असताना ठरलेल्या तासांपलीकडे काम द्यायचे नाही. आणि कामामुळे अभ्यास बुडू लागला, तर काम काढून घ्यायचे. पुण्यात शाळेत गणित शिकवून मी इकडे आले होते, त्यामुळे दुसरा नियम मला पहिल्या दिवसापासून आवडला.

या माणसांना काम देण्यात जोखीम असते, हे मान्य केले पाहिजे. ती जोखीम अशी की काम होऊन जाते. एका विभागाला विद्यार्थ्यांची मते गोळा करायची होती. सहभाग पूर्णपणे ऐच्छिक होता. त्या कामावर मी सैन्यात बरीच वर्षे काढलेल्या एका बाईंना पाठवले. कँटीनमधल्या एकूण एक विद्यार्थ्याने प्रश्नावली भरून दिली. विभागाचे प्राध्यापक आनंदले नाहीत, घाबरले. मी बाईंना बोलावून घेतले.

"सहभाग ऐच्छिक आहे, हे तुम्ही मुलांना सांगितलं होतंत ना?"

"सांगितलं, मॅम. अगदी स्पष्ट."

"काय शब्दांत?"

"ज्यांची इच्छा नाही, त्यांनी एक पाऊल पुढे यावं."

दुसरे एक गृहस्थ आरमारातून आले होते. त्यांना ओपन डेच्या दिवशी पालकांचे गट फिरवायला दिले. त्यांचा गट तिघातिघांच्या रांगेत चालला, वळणावर थांबला, मोजला गेला आणि पुढे निघाला. इतर गटांतले काही पालक वाटेत हरवले. यांच्या गटात मात्र निघताना होते त्याहून जास्त लोक परत आले, कारण हरवलेले पालक रांग पाहून आपण होऊन तिच्या शेपटाला उभे राहत गेले.

आता डॅरेन.

डॅरेन रसद विभागात सार्जंट होता. वय चाळिशीच्या अलीकडे, गाव इथून जवळच, आणि उजव्या गुडघ्यात धातूचा एक तुकडा. त्या गुडघ्यावर एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी वर्षभर मेहनत घेतली होती आणि त्याला पुन्हा चालायला शिकवले होते. त्या बाईंचे काम आपण करायचे, असे त्याने तिथल्या पलंगावरच ठरवले. शाळा लवकर सोडलेली, म्हणून आधी विद्यापीठातले पायाभरणीचे एक वर्ष पूर्ण करायचे आणि ते नीट पार पडले तर फिजिओथेरपीला जागा, अशी त्याची व्यवस्था होती. दुसरी वाट नव्हती. या वयात दुसऱ्यांदा अर्ज करायचा धीर आपल्याला होणार नाही, असे त्याने मला पहिल्याच भेटीत सांगितले होते, आणि तेही रेल्वेचे वेळापत्रक सांगावे अशा आवाजात.

या गावात बसचा ड्रायव्हर, फार्मसीतली मुलगी, गॅसचा मीटर बघायला येणारा माणूस असे सगळेजण सगळ्यांना 'डक' म्हणतात. बदक म्हणवून घेण्याची मला सवय झाली आहे. डॅरेन इथलाच, आपल्या जिभेवरचे 'डक' तो बाकी सर्वांवर मोकळ्या हाताने उधळत असे. मला मात्र 'मॅम'. नावाने हाक मारा, असे मी त्याला सांगून पाहिले. "येस, मॅम," असे उत्तर मिळाले.

मी त्याला ग्रंथालयाच्या काउंटरवर काम दिले. पुस्तके द्यायची-घ्यायची, प्रिंटर अडला तर मोकळा करायचा, हरवलेल्या छत्र्या सांभाळायच्या. मंगळवार आणि गुरुवार, दुपारी चार वाजेपर्यंत. गुरुवारी सव्वाचारला त्याचे शरीररचनेचे प्रॅक्टिकल असे. सुरुवातीला सुरक्षेच्या सूचना देतात आणि मग दार बंद करतात, उशिरा येणाऱ्याला आत घेत नाहीत. ग्रंथालयापासून प्रयोगशाळा गुडघ्यासकट दहा मिनिटांवर होती. गणिताची शिक्षिका म्हणून मला हे वेळापत्रक निर्दोष वाटले.

पहिली टर्म उत्तम गेली. ख्रिसमसनंतर काही आठवड्यांनी मला त्याच्या विभागातून बोलावणे आले. पायाभरणी वर्षाच्या प्रमुख फियोना म्हणून होत्या, शांत आणि मनाने चांगल्या. डॅरेन आधीच येऊन खुर्चीत ताठ बसला होता.

"डॅरेन," फियोना म्हणाल्या, "मागच्या टर्मला तुम्ही एकही प्रॅक्टिकल चुकवलं नाहीत. आता दर गुरुवारी दार बंद झाल्यावर येता. घरी काही अडचण आहे का?"

"नाही, मॅम."

"तब्येत?"

"ठीक आहे, मॅम."

"मग कारण काय?"

"कारण नाही, मॅम."

शाळेत 'कारण नाही' हे उत्तर मी पुष्कळ ऐकले आहे. ते देणारा मुलगा साधारणपणे खिडकीबाहेर बघत असतो. डॅरेन सरळ समोर बघत होता. सैन्यात उशीर झाला की कारण सांगत नाहीत, उशीर कबूल करतात, हे मला ठाऊक होते. फियोनांना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी नियम वाचून दाखवला: आणखी एक प्रॅक्टिकल बुडाले तर वर्ष पूर्ण धरता येणार नाही, आणि मग फिजिओथेरपीची जागाही मिळणार नाही.

"समजलं, मॅम," डॅरेन म्हणाला. परवानगी घेऊन उठला आणि गेला.

"त्यांचं मन उडालेलं दिसतंय," फियोना मला म्हणाल्या. "होतं असं. तुमचं काम तरी काढून घ्या, म्हणजे निदान तेवढा ताण कमी होईल."

नियमाप्रमाणे त्यांचे बरोबर होते. पण ज्याचे मन उडाले आहे तो माणूस बंद दारापर्यंत दर आठवड्याला कशाला जाईल? मी त्यांच्याकडे येत्या गुरुवारपर्यंतचा अवधी मागितला. त्या दिवशी सोमवार होता.

वर्गात काय बिघडले आहे हे कळायचे असेल, तर मागच्या बाकावर जाऊन बसावे, असे आम्हाला बी.एड.ला शिकवले होते. मंगळवारी दुपारी मी ग्रंथालयात काउंटरसमोरच्या टेबलाशी एक जाड पुस्तक घेऊन बसले. ते कोळशाच्या खाणींच्या इतिहासावर निघाले, आणि मी ते खरोखरच वाचू लागले होते, इतक्यात चार वाजले.

चारनंतरची शिफ्ट ईशाची असे. ईशा अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या आईवडिलांना मी मंडळामुळे ओळखत होते, म्हणून मी तिची काकू. मुलगी हुशार, हसरी, आणि घड्याळाशी तिचे संबंध औपचारिक. चारनंतर पाचेक मिनिटांनी ती गळ्यात हेडफोन आणि हातात कॉफी घेऊन आली. "हाय," म्हणाली. बॅग टाकली, दुसऱ्या खुर्चीत बसली आणि फोन काढला.

डॅरेन उठून उभा राहिला. आता हा निघेल, असे मला वाटले. तो निघाला नाही. हात पाठीमागे बांधून तो ईशाच्या मागे दोन पावलांवर उभा राहिला. ईशाने एकदा वळून पाहिले. फोन खाली ठेवला, पाठ सरळ केली आणि कीबोर्डवर काहीतरी लांबलचक टाइप केले. डॅरेन उभाच. सव्वाचार वाजून गेले. ईशाने एक रिकामा कागद प्रिंटरमध्ये घातला आणि पुन्हा काढला. साडेचारला ग्रंथालयाच्या प्रमुख बाई मीटिंगहून परतल्या. "अजून इथेच, डॅरेन? निघा आता, डक." डॅरेन तत्काळ निघाला.

तो गेल्यावर मी ईशाला कँटीनमध्ये चहाला बोलावले, तिच्या ब्रेकपुरते.

"काकू, मला ते डेस्क चेंज करून दे ना," ती म्हणाली. "तो माणूस मला ट्रस्टच करत नाही. रोज माझी मागे उभा राहतो. लाइक, परीक्षा चालू आहे."

"तुला काही बोलतो का?"

"काहीच नाही. तेच तर. माझा काय चूक आहे, सांग. मी फक्त थोडी लेट येते. ट्राम असा स्लो असतो."

चूक स्त्रीलिंगी असते, हे सांगण्याची ती वेळ नव्हती. "त्याला कधी विचारलंस, का उभे राहता म्हणून?"

"काकू. तो आर्मीचा आहे. मी कसं विचारू?"

मग मी रोटा, म्हणजे पाळ्यांचा तक्ता, उघडून पाहिला. पहिल्या टर्मला डॅरेननंतरची शिफ्ट योजनेतल्याच दुसऱ्या एका माजी सैनिकाची होती. ख्रिसमसनंतर तिथे ईशा आली होती. गणितात याला एक चल बदलणे म्हणतात. बाकी सर्व तेच असताना एकच गोष्ट बदलली असेल, तर उत्तर त्या गोष्टीत शोधावे.

बुधवारी मी डॅरेनला ऑफिसात बोलावले.

"काल चार वाजता ईशा आली. तुम्ही का गेला नाहीत?"

"तिने चार्ज घेतला नव्हता, मॅम."

"ती खुर्चीत बसली होती की."

"बसणं म्हणजे घेणं नव्हे, मॅम."

"मग घेणं कसं असतं?"

हा प्रश्न त्याला आवडला. येणाऱ्याने समोर उभे राहायचे. 'सांगण्यासारखे काही?' असे विचारायचे. जाणाऱ्याने सांगायचे. मग येणाऱ्याने म्हणायचे, 'आता माझ्याकडे आहे, तुम्ही निघा.' तेव्हा जायचे. पहिल्या टर्ममधला सोबती हे न सांगता करत असे.

"मग ईशाला हे सांगितलं का नाहीत? तिने केलं असतं."

"जाणाऱ्याने सुटका मागायची नसते, मॅम."

"चार वाजले की चालू लागा, असं मी सांगते आहे."

तो थोडा घुटमळला. "हा हुकूम आहे का, मॅम?"

"समजा आहे."

"मला हुकूम देण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे का, मॅम?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. माझ्या पदाला सल्ला देण्याचा अधिकार होता. हुकूम देण्याचा अधिकार ग्रंथालयाच्या प्रमुखांना होता, आणि मंगळवार-गुरुवार त्या वेळी त्या मीटिंगमध्ये असत.

"बरं, मी येते आणि मीच घेते चार्ज."

"तुम्हाला प्रिंटर येतो का, मॅम?"

प्रिंटर मला येत नव्हता. शिफ्ट बदलून देते, असेही म्हणून पाहिले. त्यावर त्याचा चेहरा असा पडला की जागेवरून हटवणे ही त्याच्या जुन्या जगात शिक्षा असते, हे मला कोणी सांगावे लागले नाही. शिवाय दुसऱ्या शिफ्टनंतरही तो दुसऱ्या कुणाची तरी वाट पाहतच उभा राहिला असता.

"डॅरेन, हे ग्रंथालय आहे," मी म्हणाले. "तुम्ही पाच मिनिटं आधी गेलात, तर काय होईल? एखादी छत्री जाईल."

तो हसला. मग माझ्या टेबलावरच्या स्टेपलरकडे पाहत म्हणाला, "एकदा एका ठिकाणी आमच्यातला एकजण असाच निघाला, मॅम. पुढचा माणूस समोरून येताना त्याला दिसत होता. येणारा पोचला नाही. मधल्या वेळात जागेवर कुणीच नव्हतं."

स्टेपलर मी उगाच सरळ करून ठेवला. एवढे मात्र मला कळले की या माणसाला 'ही नुसती छत्री आहे' असे समजावण्यात अर्थ नाही. तो चुकत नव्हता. त्याचा अर्धा व्यवहार पुरा करणारा माणूस समोर नव्हता, एवढेच.

संध्याकाळी मी हे सगळे आमच्या घरच्या डॉक्टरांना, म्हणजे नवऱ्याला, सांगितले. त्यांनी वर्तमानपत्र खाली न करता ऐकले.

"हॅण्डओव्हर म्हणतात त्याला," ते म्हणाले. "वॉर्डात आम्ही जन्मभर तेच केलं."

"अहो, मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू सैनिकांचं सांगत होतीस. चार्जचं आज निघालं."

गुरुवारी सकाळी मी ईशाला गाठले. नवी गोष्ट शिकवताना आधी ती का शिकायची ते सांगावे, मग कृती करून दाखवावी, मग करून घ्यावी. मी तिला डॅरेनच्या प्रॅक्टिकलचे सांगितले, बंद होणाऱ्या दाराचे सांगितले, आज दार बंद झाले तर काय जाईल तेही सांगितले. बुधवारी स्टेपलरकडे पाहत तो जे बोलला, ते सांगितले नाही, ते त्याचे होते. ईशाचा चेहरा उतरला.

"म्हणजे माझ्यामुळे? काकू, आय थॉट तो मला चेक करतोय."

"आणि त्याला वाटतं, तू त्याला सोडत नाहीस. दोघंही सभ्य, म्हणून दोघंही गप्प."

मग आम्ही सराव केला. मी डॅरेन झाले आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिले. ईशा हसत सुटली.

"काकू, सीरियसली, लायब्ररीत रिपोर्ट करायला काय असतं? एक प्रिंटर आहे."

"मग प्रिंटरचं ऐकायचं. पूर्ण ऐकायचं. मध्ये 'ओके, कूल' म्हणायचं नाही."

"आणि शेवटी?"

"आता माझ्याकडे आहे, तुम्ही निघा."

"असं मोठ्या माणसाला सांगायचं? 'निघा'? रूड नाही वाटत?"

मोठ्यांना 'निघा' म्हणू नये, हे तिच्या आईने तिला शेजारच्या लेस्टर शहरातल्या घरात इतके पक्के शिकवले होते, आणि मी आज त्याच्या उलट शिकवत होते. "त्याला नाही वाटणार," मी म्हणाले. "तो ख्रिसमसपासून हेच ऐकण्यासाठी उभा आहे. आणि ईशा, ट्राम स्लो असते. आधीची पकड."

दुपारी मी पुन्हा त्याच टेबलाशी खाणींचा इतिहास घेऊन बसले. या वेळी एक ओळही वाचली नाही. चार वाजायच्या थोडे आधी दारातून ईशा आली. कॉफी नव्हती. धावत आल्यासारखी दिसत होती, पण आत आल्यावर चालायला लागली. बॅग ठेवली, बसायला गेली, आणि बसता बसता थांबून उठली. डॅरेनसमोर जाऊन उभी राहिली.

"सांगण्यासारखं काही?" ती इंग्रजीत म्हणाली.

डॅरेनने तिच्याकडे पाहिले. मग टाचा जुळल्या. आवाज ग्रंथालयाला शोभेल एवढाच, पण शब्द मोजून टाकलेले. डावीकडचा प्रिंटर रंगीत कागदावर अडतो. दुसऱ्या मजल्यावर एकजण टूना सँडविच खात आहे, एकदा समज दिलेली आहे. एक काळी छत्री, मूठ तुटलेली, कपाटात. एका मुलीने राखून ठेवलेले पुस्तक येणार आहे, आले की तिला कळवायचे, तिची उद्या परीक्षा आहे.

"ओके, कू..." ईशा म्हणाली आणि गप्प झाली.

डॅरेन उभा होता. मी टेबलाची कड धरून ठेवली होती. शिकवलेले विद्यार्थी विसरला की ओठ हलवून सांगण्याची प्रत्येक शिक्षकाला खोड असते, ती मी त्या वेळी कशी आवरली ते मलाच ठाऊक. घड्याळ त्याच्या डोक्यावर होते आणि तो त्याकडे पाहत नव्हता. ईशाने गळ्यातले हेडफोन काढून काउंटरवर ठेवले.

"सँडविचवाला कुठल्या बाजूला बसलाय?" तिने विचारले.

हे मी शिकवले नव्हते. डॅरेनच्या खांद्यांतले काहीतरी सैल झाले.

"खिडकीपाशी. निळा स्वेटर."

"बरं. आता माझ्याकडे आहे," ईशा म्हणाली. "तुम्ही निघा, डॅरेन."

"थँक यू, डक," डॅरेन म्हणाला. पिशवी उचलली, माझ्या टेबलाजवळून जाताना "मॅम" एवढेच म्हणाला, आणि दाराबाहेर पडला. धावला नाही. काचेतून मला दिसले की तो लंगडत, पण चांगल्या वेगाने चालला होता, आणि त्याने एकदाही मागे वळून काउंटरकडे पाहिले नाही.

त्या संध्याकाळी फियोनांचा दोन ओळींचा ईमेल आला: डॅरेन दार बंद होण्याच्या आधी आत होता, त्यानंतर त्याने टेबलावरची सगळी हाडे न विचारता लावून ठेवली, आणि याचा उलगडा मी करावा. मी फोन करून केला. त्या म्हणाल्या, की प्रॅक्टिकल संपले तरी तो दाराशी का रेंगाळतो, हे त्यांना आता कळले. पुढच्या गुरुवारपासून त्या त्याला "धन्यवाद, डॅरेन, झालं तुमचं काम" असे म्हणू लागल्या.

शुक्रवारी डॅरेन माझ्या ऑफिसात आला.

"मुलीने उत्तम केलं, मॅम. फक्त तिचे बूट."

"तिच्या बुटांकडे पाहायचं नाही."

"येस, मॅम."

ईशानेही आपला अहवाल दिला. सँडविचवाल्याला तिने दुसऱ्या मजल्यावर जाऊन पकडले होते आणि त्याने न बोलता सँडविच बॅगेत ठेवले होते. "काकू, मी फक्त माझी हात मागे ठेवले," ती म्हणाली. उरलेल्या टर्मभर ती वेळेवर आली. पुढे काउंटरवरचे इतर विद्यार्थीही, आधी गंमत म्हणून आणि नंतर सवयीने, 'सांगण्यासारखे काही?' असे विचारू लागले. छत्र्या परत मिळण्याचे प्रमाण सुधारले, असे प्रमुख बाईंचे म्हणणे आहे. मी ते मोजलेले नाही.

डॅरेनने वर्ष पुरे केले. त्याला फिजिओथेरपीला जागा मिळाली आणि आज तो एका हॉस्पिटलात गुडघ्यांवर काम करतो. त्याचे रुग्ण त्याच्याविषयी एकच तक्रार करतात, असे ऐकते: तो 'आता बसा' असे म्हणेपर्यंत बसायची हिंमत होत नाही.

तेव्हा प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. या माणसांना काम सुरू करणे, करत राहणे, त्रास झाला तरी करत राहणे, यांतले काहीच जड जात नाही. जड जाते ते काम संपणे. बाकी जगात काम घड्याळाने संपते. त्यांच्या जगात ते दुसऱ्या माणसाच्या शब्दाने संपते, आणि अर्धवेळ कामात तर ते दर दोन दिवसांनी संपावे लागते. हे मला उशिरा कळले. डॅरेनच्या आधी योजनेतून काहीजण गेले. कोणी नोकरी सोडली, कोणी अभ्यास. कागदावर 'मन रमले नाही' असे आहे. त्यांतले कितीजण कोणी 'निघा' म्हणण्याची वाट पाहत कुठे उभे होते, हे आता कळायला मार्ग नाही, आणि त्याची चुटपूट राहिली आहे.

माझा हा निष्कर्ष एका ग्रंथालयावर, एका सार्जंटवर आणि एका ईशावर उभा आहे. एवढ्या पुराव्यावर मी वर्गात कोणाला प्रमेय मांडू दिले नसते. हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी पुष्कळजण हॉस्पिटलांत, आयटी सपोर्टमध्ये, दुकानांत शिफ्टमध्ये काम करतात, आणि प्रत्येक ठिकाणी वेळ संपूनही न जाणारे कोणीतरी असते. ते सैन्यातले असतील किंवा नसतील. पुढच्या शिफ्टला अशा एका माणसासमोर उभे राहा, सांगण्यासारखे काही आहे का ते विचारा, शेवटपर्यंत ऐकून घ्या, 'आता माझ्याकडे आहे, तुम्ही निघा' असे म्हणा, आणि तो जातो की नाही हे स्वतः पाहा.